थंडीच्या मुलखांतील घर आणि काँक्रीट

नवी मुंबईंत राहणाऱ्या गृहस्थास काँक्रीटची ओळख करून द्यावी लागत नाहीं. सिडकोची स्थापना १९७० सालीं झाली, आणि त्यानंतर खाडीच्या पूर्वेस जें नवें शहर वसलें तें बहुतांशीं काँक्रीटचेंच आहे. येथें स्लॅब भरला कीं दुसऱ्या दिवशीं गवंडी त्यावर मसाल्याचीं आळीं करून पाणी साठवितो, हें दृश्य लहान मुलांच्याही परिचयाचें आहे. येथें भय उन्हाचें. पाणी लवकर उडून जाऊं नये, एवढीच काय ती चिंता. परंतु हाच गवंडी ऑक्टोबर महिन्यांत लेहला गेला, आणि आपल्या याच संवयीनें त्यानें स्लॅब भरून त्यावर पाणी सोडलें, तर त्याच्या प्रामाणिक कष्टांनींच घरमालकाचें मोठें नुकसान होईल. असें कां व्हावें ?

काँक्रीट वाळतें म्हणून घट्ट होतें, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नाहीं. सिमेंट आणि पाणी यांचा रासायनिक संयोग होऊन तें घट्ट होतें. या संयोगाला ऊब लागते. हवा ५ अंश सेल्सिअसच्या खालीं गेली कीं तो फार मंदावतो. लेह सुमारें ३,५०० मीटर उंचीवर आहे. तेथें ऑक्टोबरच्या रात्रीं पारा शून्याच्या आसपास उतरतो. पाण्याचें बर्फ होतांना त्याचें आकारमान सुमारें ९ टक्क्यांनीं वाढतें. ओल्या काँक्रीटच्या अंगीं हा रेटा सोसण्याची शक्ति नसते. त्यामुळें सिमेंटची खडीशीं व सळईशीं जडलेली मिठी आंतल्या आंत सुटते. यांतील फसवी गोष्ट अशी कीं, सकाळीं तो स्लॅब दगडासारखा कठीण लागतो. वस्तुतः तो जमलेला नसतो, केवळ गोठलेला असतो. पुढें ऊब मिळाली तरी गेलेली शक्ति पुरती परत येत नाहीं. हिमालय हा भूकंपाचा प्रदेश. तेव्हां हा दोष केवळ पैशाचा नव्हे, तर घरांत झोंपणाऱ्या माणसांच्या जिवाचा आहे.

यावर उपाय आहेत, आणि ते अवघड नाहींत. थंड हवेंतील काँक्रीटसाठीं भारतीय मानक आय. एस. ७८६१ चा दुसरा भाग १९८१ सालीं निघाला. पहिली गोष्ट, गोठलेल्या जमिनीवर पाया भरूं नये. आणि पाया हिंवाळ्यांत जमीन जेथवर गोठते त्याच्याही खालीं न्यावा. दुसरी, पाणी तापवून घ्यावें. मात्र कढत पाणी प्रथम वाळू-खडींत मिसळून मग सिमेंट टाकावें, नाहींतर सिमेंट तत्काळ आळतें. तिसरी, काम सकाळीं उरकावें आणि सूर्य मावळण्यापूर्वीं तें ताडपत्री, गवत व गोणपाट यांनीं जाड झांकावें. तेथील हवा कोरडी व ऊन प्रखर असल्यानें ओलावा राखणें अवश्यच आहे. पण तो आच्छादनानें राखावा, पाणी तुंबवून नव्हे. काँक्रीटला दर चौरस सेंटिमीटरला सुमारें ३५ किलो भार सोसण्याइतकी शक्ति आली, म्हणजे तें एखादी गोठवणारी रात्र निभावून नेतें. १० अंशांची ऊब राखल्यास चांगल्या मिश्रणास याला सुमारें दोन दिवस लागतात. नवजात बालकाप्रमाणें पहिल्या रात्रीं जपाव्या, हेंच सार.

चौथी गोष्ट धीराची. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू सात दिवसांनीं काढावे, असा आपल्याकडे प्रघात आहे, पण आय. एस. ४५६ मधील हा नियम हवा १५ अंशांखालीं उतरत नाहीं असें धरून केलेला आहे. थंडींत दिवस मोजून भागत नाहीं, शक्ति पाहावी लागते. काम लवकर आळावें म्हणून कॅल्शियम क्लोराइड घालण्याचा मोह होतो, तोही आवरावा. खाडीच्या खाऱ्या वाऱ्यानें सळया गंजून छताचे पोपडे पडलेले ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांना क्लोराइडचा प्रताप निराळा सांगावयास नको.

आतां कोणी विचारील, कीं एवढा खटाटोप कशाला ? लेहचा नऊमजली राजवाडा सतराव्या शतकांत दगड, माती व लांकूड यांचाच बांधला गेला. मातीची जाड भिंत ऊबही धरून ठेवते, आणि काँक्रीटची पातळ भिंत ती घालविते. हें खरें आहे. परंतु ऑगस्ट २०१० मध्यें लेहवर ढगफुटी झाली, दोनशेंहून अधिक माणसें दगावलीं आणि मातीचीं कितीतरी घरें वाहून गेलीं. त्यानंतर लोकांचा ओढा पक्क्या घराकडे वळला, तर त्यांना दोष कसा द्यावा ? पाया, खांब व भिंतींना बांधून ठेवणारे पट्टे काँक्रीटचे, आणि त्यांच्यामध्यें ऊब राखणाऱ्या जाड भिंती मातीच्या, दक्षिणेकडे खिडक्या, असा मेळ घातल्यास दोहोंचाही गुण पदरांत पडतो.

तथापि पाऊस-थंडीच्या आधीं घर उरकण्याची घाई तेथेंही आहे व येथेंही. मे ते सप्टेंबर हाच तेथील बांधकामाचा खरा हंगाम. तो हुकला, तर एक हिंवाळा भाड्याच्या खोलींत काढणें जड वाटेल. पण गोठलेल्या स्लॅबखालीं जन्म काढण्यापेक्षां तें केव्हांही स्वस्तच होय.