गृहिणीचें मन आणि करुणा

मुंबईच्या नळांना येणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा ठाणें जिल्ह्यांतील शहापूर तालुक्यांतून जातो. तानसा आणि भातसा हे जलाशय तेथलेच. तरीहि चैत्र-वैशाखांत त्याच तालुक्यांतील कित्येक पाड्यांवर बाया हंडे घेऊन विहिरीचा तळ शोधीत असतात. शेजारच्या मुरबाडांतहि चित्र फारसें निराळें नाहीं. पाणी, सरपण, चूल, मुलें, गुरें आणि पावसाळ्यांत भाताची आवणी, एवढें करूनहि लोकांच्या लेखीं ती 'घरींच असते'!

अशा गृहिणीचें मन खचलें तर तें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. ती 'मन उदास आहे' असें म्हणत नाहीं. ती म्हणते, 'अंग मोडून आलंय, झोप लागत नाही, छातीत धडधडतं.' दवाखान्यांत तिला शक्तीची गोळी मिळते, घरीं टोमणे मिळतात. आणि सर्वांत कठोर टोमणा ती स्वतःच स्वतःला मारते: 'माझंच चुकतं, मीच निकामी.' या दुखण्याचा शेवट कधीं कधीं भयंकर होतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणें २०२१ सालीं भारतांत २३,१७८ गृहिणींनीं आत्महत्या केली. प्रत्येकीचें कारण विषण्णताच होतें असें नाहीं. पण हा आंकडा कोणासहि अस्वस्थ करील असाच आहे.

इंग्लंडांतील मानसशास्त्रज्ञ पॉल गिल्बर्ट यांस असें आढळलें कीं, विषण्ण रुग्णांना योग्य विचार शिकवितां येतो; परंतु तोहि ते मनांत दरडावल्यासारख्या स्वरांत उच्चारतात. शब्द बदलले, स्वर तोच! म्हणून त्यांनीं करुणेवर आधारलेली उपचारपद्धति सिद्ध केली. त्यांच्या मतें मनांत तीन यंत्रणा असतात: एक संकट हेरणारी, दुसरी मिळविण्यासाठीं धांवणारी आणि तिसरी शांतविणारी. आईच्या कुशींत मूल निवतें तें या तिसरीमुळें. जिची पहिलीच अहोरात्र जागी असते, तिची तिसरी मुद्दाम जागवावी लागते. त्यासाठीं संथ श्वास, प्रेमळ व्यक्तीचें स्मरण आणि एक साधा प्रश्न: 'हीच वेळ शेजारणीवर आली असती, तर तिला काय सांगितलं असतं?' तेंच उत्तर, त्याच स्वरांत, स्वतःला द्यावयाचें.

करुणा म्हणजे कींव नव्हे. दुःख ओळखणें आणि तें हलकें करण्यास सिद्ध होणें, ही करुणा. बौद्ध साधनेंत आणि पातंजल योगसूत्रांत मैत्रीशेजारीं तिला स्थान आहेच.

पण पाड्यावर ती पोंचवावी कोणीं? पुण्यांतील एका संस्थेनें २०१३ सालीं नाशिक जिल्ह्याच्या पेठ तालुक्यांत 'आत्मीयता' नांवाचा उपक्रम आरंभिला. पद्धति निराळी, परंतु वाट अनुकरणीय: गांवांतल्याच स्वयंसेवकांना ऐकण्याचें व धीर देण्याचें शिक्षण द्यावयाचें. शहापूर-मुरबाडांत आशासेविका आणि बचतगट आहेतच. तेथून आरंभ होऊं शकेल.

अर्थात् दारुड्या नवऱ्याचा मार किंवा पाण्याची पायपीट संथ श्वासानें थांबत नाहीं. त्यासाठीं कायदा हवा, नळ हवा. दुखणें बळावलें तर डॉक्टर व औषध हवेंच. १४४१६ या क्रमांकावर सरकारची 'टेलि-मानस' सेवा विनामूल्य मिळते. परंतु घरच्या माणसांस आजच करतां येईल असें एक आहे: ती 'अंग दुखतं' म्हणेल, तेव्हां क्षणभर तिच्याजवळ बसून पुढचें ऐकावें.