जॉबरलाही खुर्ची हवी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मालेगावच्या एखाद्या मोहल्ल्यातून चालू लागलं, की दोन्ही बाजूंनी यंत्रमागांची खटखट कानावर येते. १८५७ नंतर उत्तरेतून आलेल्या विणकरांनी इथं हातमाग रुजवला. पुढं त्याची जागा यंत्रमागानं घेतली. हे काम बहुतेकांनी शाळेत शिकलेलं नाही. पोरगं आधी कांड्या भरतं, मग तुटलेली तार जोडायला शिकतं आणि हात बसला की माग सांभाळतं. त्यातलाच एखादा पुढं जॉबर होतो. नुसत्या आवाजावरून मागाचं दुखणं ओळखणारा हा माणूस. शायरीत आम्ही ज्याला उस्ताद म्हणतो, तोच मान कारखान्यात त्याचा.

पण या उस्तादाजवळ कागद नसतो. माग बदलले, गाव सोडावं लागलं, तर तीस वर्षांची विद्या दाखवायची कशी?

हा प्रश्न कुणाच्या दारी न्यायचा, ते पाहा. ७३ व्या घटनादुरुस्तीनं १९९३ पासून अकरावी अनुसूची लागू झाली. तिच्यातल्या २९ विषयांत तांत्रिक प्रशिक्षण आणि व्यवसाय शिक्षण हा अठरावा विषय आहे. म्हणजे राज्यानं मनावर घेतलं तर हे काम पंचायतींकडे देता येतं. शहरांसाठीच्या बाराव्या अनुसूचीत मात्र असा वेगळा विषयच नाही. मालेगावला २००१ पासून महानगरपालिका आहे. पण आयटीआय चालवतं राज्याचं संचालनालय, अभ्यासक्रमाची चौकट ठरते दिल्लीत आणि कौशल्य विकासाची जिल्हा समिती असते जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली. आमचं जिल्ह्याचं ठिकाण नाशिक, सुमारे शंभर किलोमीटरवर.

प्रयत्न झाले नाहीत असं नाही. २००७ मध्ये केंद्रानं १३९६ आयटीआयसाठी योजना आणली. प्रत्येक ठिकाणी उद्योजकाच्या अध्यक्षतेखाली व्यवस्थापन समिती आणि तिला अडीच कोटी रुपयांपर्यंत बिनव्याजी कर्ज. उद्योजकाला खुर्ची मिळाली, हे चांगलंच झालं. पण कारखान्याच्या मालकाला किती माणसं हवीत ते कळतं; माणूस घडतो कसा, ते जॉबरला कळतं. २०१५ च्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत, काम करता करता शिकलेल्यांची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची तरतूद आली. विचार योग्यच आहे. मात्र त्या परीक्षकांत गावातला जॉबर नसेल, तर परीक्षा कागदाचीच होणार.

म्हणून मागणं साधं आहे. जिल्हा समितीत त्या त्या गावच्या धंद्यातले दोन कारागीर बसवा. मालेगावचा जॉबर, येवल्याचा पैठणी विणकर. वर्षातून एक बैठक मालेगावात घ्या. आणि किती जणांना शिकवलं याबरोबर, गेल्या वर्षी शिकलेल्यांपैकी आज किती जण त्या कामावर आहेत, हेही तिथं वाचून दाखवा. यासाठी नवी इमारत लागत नाही. एक खुर्ची लागते, आणि तिच्यावर बसलेल्याचं ऐकून घेण्याची तयारी.