पेटी गोळ्यांची, ओझं जवानाचं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



रायफल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर नळी येते, दस्ता येतो, चाप येतो. तिच्या पोटाखाली लटकणारी काडतुसांची पेटी मात्र फारशी कुणाच्या लक्षात राहत नाही. फौजेत आणि पोलिसांत तिला मॅगझिन म्हणतात, आपणही तेच म्हणू. सातपूर-अंबडच्या एखाद्या प्रेस शॉपमधल्या कारागिराला ते दाखवलं तर तो म्हणेल, यात आहे काय? वाकवलेला पत्रा, आत एक स्प्रिंग, स्प्रिंगच्या डोक्यावर काडतुसांना वर ढकलणारी पट्टी आणि खाली झाकण. खरोखर एवढंच आहे. पण रायफल अडकली की जाणकार पहिला संशय या पेटीवर घेतो, आणि पुष्कळदा तो खरा निघतो.

आपल्या लष्कराला हे कारगिलमध्ये कळलं. देशी बनावटीची इन्सास रायफल नव्वदच्या दशकात सैन्यात आली. तिचं २० गोळ्यांचं मॅगझिन अर्धपारदर्शक प्लास्टिकचं होतं. कल्पना चांगली होती. वजन कमी, गंज नाही, आणि आत किती गोळ्या उरल्या ते बाहेरून दिसतं. १९९९ च्या उन्हाळ्यात हीच रायफल घेऊन जवान द्रास-कारगिलच्या शिखरांवर चढले. तिथल्या थंडीत मॅगझिनना तडे जातात अशा तक्रारी आल्या. निफाडला पारा चार-पाच अंशांवर आला की द्राक्षबागायतदार रात्रभर शेकोट्या पेटवतो. त्या शिखरांवर रात्री पारा शून्याच्याही खाली होता, आणि हातातली वस्तू खडकावर आपटत होती.

आता यावर आपल्याकडे एक सोपा निष्कर्ष निघतो: प्लास्टिक ते प्लास्टिकच, लोखंडाची सर त्याला नाही. मला तो पटत नाही. ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९७७ पासून अशीच पारदर्शक मॅगझिनची रायफल वापरली, आणि ऑस्ट्रिया काही उबदार देश नव्हे. प्रश्न कोणतं प्लास्टिक, हा असतो. आजची चांगली मॅगझिनं काचतंतू घातलेल्या नायलॉनसारख्या मालाची असतात. मोटारीच्या इंजिनाजवळचे काही भागही अशाच मालाचे असतात. आपल्या नाशकातल्या मोल्डिंगवाल्यांना त्याच्या खोड्या चांगल्या ठाऊक आहेत. साच्यात घालण्यापूर्वी दाणे कोरडे करावे लागतात, नाहीतर मालावर रेघा उठतात. उलट साच्यातून निघालेला कोरडा ठणठणीत नग ठिसूळ असतो. त्याने हवेतली थोडी ओल पिली की तो चिवट होतो. म्हणजे माल तोच, पण दाणे कसे वाळवले, साचा किती तापला, कडेची जाडी किती ठेवली, यावर तो फुटणार की टिकणार हे ठरतं.

वजनाचा हिशेब मांडून पाहू. आकडे ढोबळ आहेत. एके-४७ चं ३० गोळ्यांचं पोलादी मॅगझिन रिकामं सुमारे ३३० ग्रॅम भरतं, गोळ्या घातल्या की ८२० च्या आसपास. म्हणजे जवान जे ओझं वाहतो त्यात पाच भागांपैकी दोन भाग नुसती पेटी! अमेरिकी एम-१६ चं ३० गोळ्यांचं ॲल्युमिनियमचं मॅगझिन रिकामं ११० ग्रॅम, भरलेलं पावणेपाचशेच्या घरात. गोळीही लहान आहे, हे खरं. तरी सात पोलादी मॅगझिनं, म्हणजे २१० गोळ्या, नेण्याच्या ओझ्यात ॲल्युमिनियमची बारा मॅगझिनं मावतात आणि गोळ्या होतात ३६०. चांगल्या प्लास्टिकचं मॅगझिन १४० ग्रॅमच्या आसपास, ॲल्युमिनियमपेक्षा किंचित जडच. प्लास्टिक सगळ्यांत हलकं हा समज त्यामुळे पुसावा लागतो.

मग ॲल्युमिनियमच का नको? कारण ते फसवतं. मॅगझिनच्या तोंडाशी दोन वळवलेल्या कडा असतात. काडतूस त्यांच्यामुळेच जागेवर राहतं आणि ठरावीक कोनात वर येतं. मॅगझिन तोंडावर पडलं की पातळ ॲल्युमिनियमची कड केसभर वाकते. डोळ्यांना दिसत नाही, पण काडतूस तिरकं येतं आणि रायफल अडकते. व्हिएतनाममध्ये अमेरिकी जवान २० च्या मॅगझिनमध्ये १८ च गोळ्या भरत, तेवढाच स्प्रिंगवरचा ताण कमी. पोलाद वाकायला कठीण, पण गंजतं, आणि जड तर आहेच. प्लास्टिकची कड वाकून तशीच राहण्याऐवजी एकतर पूर्ववत होते किंवा तडकते. तडा दिसतो, आणि दिसणारा दोष परवडला.

ब्रिटिशांनी अफगाणिस्तानच्या मोहिमेच्या काळात पोलादी मॅगझिनच्या जागी प्लास्टिकचं घेतलं, ते हाच विचार करून. एका नगामागे शंभर ग्रॅमहून अधिक वाचले, बारा नग नेणाऱ्याचा किलोभर भार उतरला. अमेरिकी मरीन दलानेही २०१६ मध्ये प्लास्टिक स्वीकारलं.

जुन्या .३०३ रायफलीला ही चिंताच नव्हती. दहा गोळ्यांची पोलादी पेटी रायफलीलाच बसवलेली राहायची, आणि पाच-पाच गोळ्यांच्या पत्र्याच्या पट्ट्यांनी ती वरून भरायची. जादा पेट्या वाहायच्याच नाहीत. पण २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत छत्रपती शिवाजी टर्मिनसवर आपल्या पोलिसांच्या हाती त्याच रायफली होत्या आणि समोर एके होत्या. दर गोळीला खटका ओढणारा आणि तीस गोळ्यांची पेटी क्षणात बदलणारा, यांचा सामना कसा व्हायचा?

माझं मत विचाराल तर मॅगझिनकडे रायफलीचा अवयव म्हणून पाहणंच चुकतं. ते बुटाच्या तळव्यासारखं झिजणारं सामान आहे. त्यावर नंबर घालावा, ज्या नंबरने दोनदा दगा दिला तो बाद करावा. भरून ठेवल्याने स्प्रिंग मरते ही भीतीही थोडी अवाजवीच, चांगली स्प्रिंग दाबून ठेवण्यापेक्षा वारंवार दाबण्या-सोडण्याने अधिक थकते.

आता नव्या रायफली येत आहेत. उत्तर प्रदेशात अमेठीजवळच्या कोरवा इथे एके-२०३ बनते, तिचंही ३० गोळ्यांचं मॅगझिन प्लास्टिकचंच आहे. त्याची परीक्षा घ्यायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. पूर्ण भरलेलं मॅगझिन लडाखच्या थंडीइतक्या गारठ्यात रात्रभर ठेवायचं, सकाळी खांद्याच्या उंचीवरून तोंडाकडून सिमेंटच्या जमिनीवर सोडायचं, आणि त्याच अवस्थेत रायफलीला लावून तिसाच्या तीस गोळ्या झाडून पाहायच्या. मग तेच मॅगझिन जैसलमेरच्या वाळूत लोळवून पुन्हा एकदा.