दारापर्यंतचे अंतर
(जागतिक मानसिक आरोग्य दिनानिमित्त रुग्णालयाच्या सभागृहात मानसोपचारतज्ज्ञांनी केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



वार्षिक अहवालात किती रुग्ण तपासले, किती शस्त्रक्रिया झाल्या, याचे आकडे असतात. मी आज अशा रुग्णाविषयी बोलणार आहे, जो त्यांपैकी कोणत्याही आकड्यात सापडत नाही. तो आपल्या फाटकापर्यंत येतो आणि केसपेपर न काढताच परत जातो.

सातिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका गाळ्यात काम करणारा तरुण डोळ्यांसमोर आणा. ही एक व्यक्ती नव्हे. कोणाचीही ओळख उघड होऊ नये, म्हणून अनेकांच्या हकिकती मी एकत्र केल्या आहेत. शाळेत उत्तर ठाऊक असूनही याचा हात कधी वर गेला नाही. लग्नकार्यात तो पंगतीला बसत नाही. गाळ्यातही डबा एकट्याने, यंत्राकडे तोंड करून खातो. चारचौघांत आपल्याकडून काही चुकेल, लोक हसतील, या धास्तीने त्याच्या छातीत धडधड सुरू होते. घरचे म्हणतात, ‘लाजाळू आहे.’ परंतु जी भीती माणसाचे शिक्षण, नोकरी आणि मैत्री अडवते, ती केवळ लाज नसते. ती उपचार करता येण्याजोगी व्याधी असते.

पुढे विसाव्या-बाविसाव्या वर्षी काही निराळेच घडते. सलग रातपाळ्या होतात, झोप मोडते आणि एके दिवशी हा मुलगा जणू बदलून जातो. तीन तासांच्या झोपेवर तो ताजातवाना असतो. अखंड बोलतो, शेटजींना स्वतःच्या गाळ्याची योजना ऐकवतो, हप्त्यांवर मोटारसायकल घेतो, तुंगारेश्वरच्या वाटेवर अनोळखी माणसांशीही गप्पा मारतो. घरात आनंद होतो; पोराची भीड चेपली असे सर्वांना वाटते. काही आठवड्यांनी तोच मुलगा अंथरुणातून उठत नाही. खाडे पडतात, हप्ते थकतात आणि ज्या लोकांशी तो भरभरून बोलला, त्यांना तोंड दाखवणे त्याला मरणाहून कठीण वाटू लागते.

येथे मला स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. फार वर्षांपूर्वी, उमेदवारीच्या काळात दुसऱ्या एका ठिकाणी, असाच एक तरुण माझ्यासमोर खाली मान घालून बसला होता. मी त्याला झोप, भूक, रडू, निराशा या साऱ्यांविषयी विचारले. मात्र ‘याच्या अगदी उलट दिवस कधी आले होते का?’ हा एक प्रश्न विचारला नाही. त्यानेही आपणहून सांगितले नाही, कारण ते त्याच्या आयुष्यातील एकमेव चांगले दिवस होते. ते आजाराचे दिवस असतील, हे त्याच्या मनातही आले नसावे. मी केवळ नैराश्यावरील औषध दिले. तिसऱ्या आठवड्यात तो बेभान अवस्थेत परत आला.

ज्याला वैद्यकात बायपोलर आजार म्हणतात, त्यात हा धोका असतो. नुसते नैराश्यावरील औषध दिल्यास काही रुग्णांचे मन दुसऱ्या टोकाला जाऊ शकते. म्हणून मन स्थिर ठेवणारी औषधे मुख्य मानली जातात. त्यांतील लिथियम हा साधा क्षार आहे. 1949 साली ऑस्ट्रेलियातील डॉ. जॉन केड यांनी त्याचा उपयोग प्रसिद्ध केला. औषध स्वस्त आहे, पण रक्तातील त्याचे प्रमाण आणि मूत्रपिंड व थायरॉइडचे कार्य वरचेवर तपासावे लागते. अर्थात, मनाचा प्रत्येक चढउतार म्हणजे बायपोलर आजार नव्हे. थायरॉइडचा दोष, व्यसन, दीर्घ जागरण, एखादा आघात यांमुळेही मन असे हेलकावे खाते. नेमके काय आहे, हे घरबसल्या ठरवता येत नाही; म्हणूनच तपासणी हवी.

मग हा मुलगा येत का नाही? कारण ज्या भीतीवर उपचार हवा, तीच भीती उपचाराच्या वाटेत उभी असते. भरलेल्या दालनात बाकावर बसायचे, खिडकीवर मोठ्याने तक्रार सांगायची, नावाचा पुकारा झाला की सर्वांदेखत उठायचे. पोटदुखीच्या रुग्णाला यात काहीच वाटत नाही. या मुलाला मात्र हा डोंगर असतो. त्यात ओळखीचे कोणी भेटले तर? 1901 पासून ठाण्याला मनोरुग्णालय आहे आणि आपल्या बोलीत ‘याला ठाण्याला न्या’ ही थट्टा आजही चालते. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 1938 सालीच सर्वसाधारण रुग्णांच्या शेजारी मानसोपचार सुरू झाले होते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा समावेश नव्हता, परंतु शेजारचे गुजरात आणि मध्य प्रदेश त्या 12 राज्यांत होते. त्यात असे आढळले की, बायपोलर आजाराच्या दर 10 रुग्णांपैकी सुमारे 7 जण उपचारांविना होते.

आप्तस्वकीयांनो, आपल्या घरी असे कोणी असेल, तर काही साध्या गोष्टी करता येतील. बोलता येत नसेल, तर लिहून आणावे. गेल्या काही महिन्यांत झोप किती होती, उत्साह कधी वाढला, पैसा कधी उधळला, अंथरूण कधी सुटले नाही, एवढे एका कागदावर पुरे. तो कागद डॉक्टरांच्या हाती द्यावा. तोंडाने एक शब्दही न बोलता तपासणी सुरू होऊ शकते. विश्वासाचे एक माणूस, बहीण, पत्नी किंवा मित्र, सोबत असावे. चढत्या दिवसांची हकिकत पुष्कळदा तेच सांगू शकते. कोणासमोर येणेच अशक्य वाटत असेल, तर आरंभ दूरध्वनीने करावा. ऑक्टोबर 2022 पासून सुरू झालेल्या टेलिमानस या शासकीय सेवेचा 14416 हा क्रमांक निःशुल्क असून तेथे चोवीस तास समुपदेशक मिळतो. जीव नकोसा झाल्याचे बोलणे कानावर आले, तर मात्र भेटीच्या तारखेची वाट पाहू नये. त्या व्यक्तीला एकटे सोडू नये आणि तत्काळ रुग्णालयात आणावे.

पहिल्या भेटीत काय होते, हेही सांगतो. विजेचे झटके नाहीत, कोंडणे नाही. काही प्रश्न, रक्तदाब, रक्ताची तपासणी आणि पुन्हा केव्हा यायचे ती तारीख. 2018 पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आजाराची माहिती गोपनीय ठेवणे हा रुग्णाचा हक्क ठरवला आहे. शेटजींना किंवा शेजाऱ्यांना ती आम्ही सांगू शकत नाही.

आता विश्वस्त मंडळ आणि देणगीदारांकडे माझे मागणे. ते कोणत्याही मोठ्या यंत्राचे नाही. मानसोपचाराच्या रुग्णाला नावाने नव्हे, क्रमांकाने बोलवावे. दालनाच्या कोपऱ्यात, आडोशाला एक बाक असावा. आठवड्यातून एक संध्याकाळ उशिरापर्यंत ही तपासणी चालावी, म्हणजे पाळी सुटल्यावर येता येईल आणि रोज बुडणार नाही. आणि ज्यांना परवडत नाही, त्यांच्या रक्ततपासणीसाठी एक छोटा निधी असावा. औषध स्वस्त असूनही तपासणीच्या खर्चापायी उपचार सोडलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

ज्या तरुणाच्या हकिकतीने मी सुरुवात केली, त्याच्यासारखा एक जण चार वेळा फाटकावरून परत गेला होता. पाचव्या वेळी बहिणीने त्याला आत आणले. त्याने माझ्याकडे पाहिले नाही, फक्त वहीचे फाडलेले एक पान टेबलावर ठेवले. त्या पानावर सहा ओळी होत्या, आणि माझ्या उमेदवारीतील तो न विचारलेला प्रश्न त्यांतील तिसऱ्या ओळीत आपणहून उत्तरला गेला होता. आज तो कामावर जातो. पंगतीला अजूनही बसत नाही; पण ठरल्या तारखेला येतो.

सातिवलीहून आपल्या दारापर्यंत रिक्षाने थोडाच वेळ लागतो. दारापासून खुर्चीपर्यंतचे अंतर मात्र कित्येकांना वर्षानुवर्षे कापता येत नाही. ते कमी करणे आपल्या हाती आहे.