खोपटातले उंदीर

मंडळी, आमच्या परसात एक खोपट आहे. कुदळ, फावडे, रिकामी पोती असले सामान तिथे पडलेले असते. यंदा भुईमुगाच्या बियाण्याचे पोतेही तिथेच ठेवले आणि पंधरा दिवस तिकडे फिरकलो नाही. जन्मभर पोरांना 'लक्ष द्या' म्हणणारे आम्ही! पोते उचलले, तर खालून टरफलेच सांडली.

उंदीर दिसत नाही, खुणा दिसतात. तांदळाएवढ्या काळ्या लेंड्या पाहा. मऊ, चकचकीत असतील तर ताज्या. भुगा होत असेल तर जुन्या. आम्ही संध्याकाळी बिळे चिखलाने बुजवली. सकाळी दोन उघडी! म्हणजे राबता तिथला.

लेंड्या कोरड्या झाडू नका हं. धूळ नाकातोंडात जाते. आधी ब्लीचिंग पावडरचे पाणी शिंपडा, थोडे थांबा, मग फडक्याने पुसा. हातात रबरी मोजे हवेत. पायाला जखम असेल तर अनवाणी जाऊच नका. उंदराच्या मुतातून लेप्टो नावाचा ताप येतो, पावसाळ्यात जास्त. ताप आलाच तर डॉक्टरांना उंदरांचे आवर्जून सांगा.

विष आम्ही ठेवले नाही; शेजारची पोरे तिथे लपाछपी खेळतात. पिंजऱ्यात भजे अडकवले. पिंजरा भिंतीलगत ठेवावा, कारण उंदीर भिंत धरून पळतो. दाराखाली पेन्सिल जाईल एवढी फट होती. लहान उंदराला तेवढी पुरते. तिथे पत्रा ठोकला.

चार दिवसांत तीन सापडले. उरलेले दाणे पत्र्याच्या डब्यात आहेत. निम्मे बियाणे मात्र आता उसने मागायचे आहे.