पाळणाघर काढण्याआधी कालचा दिवस विचारा
(कोंढवा, पुणे येथे महिला बचत गटांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मघाशी एका आपांनी सांगितलं, "आमच्या गटाला कर्ज मंजूर झालंय, पुढच्या महिन्यात पाळणाघर सुरू करतोय." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. मग मी त्यांना विचारलं, मुलं किती येणार? त्या म्हणाल्या, "येतील की! मोहल्ल्यात मुलांची काय कमी?"

मुलांची कमी नाही, हे खरं. पण घरात मूल असणं वेगळं आणि फी भरून ते आपल्याकडे सोपवणारं घर असणं वेगळं. हा फरक मला नुकसान सोसून कळला. आमच्या गटाचं पहिलं पाळणाघर सात महिन्यांत बंद पडलं.

आम्ही पाहणी केली नव्हती असं नाही. पन्नास घरांत गेलो. विचारलं, "पाळणाघर काढलं तर मुलाला पाठवाल का?" जवळजवळ सगळ्या हो म्हणाल्या. दारात आलेल्या बाईला तोंडावर नाही कोण म्हणेल? प्रत्यक्षात मुलं आली सहा. कर्जाचे हप्ते घरखर्चातून भरले. एकीने बांगड्या गहाण ठेवल्या.

नंतर आम्ही त्याच घरांत पुन्हा गेलो. या वेळी प्रश्न बदलला. उद्या काय कराल हे विचारलं नाही, कालचा दिवस विचारला. काल कामावर किती वाजता निघालात? मूल कुणाजवळ होतं? त्याचे पैसे द्यावे लागतात का? गेल्या महिन्यात मुलामुळे किती खाडे झाले?

मग खरं चित्र दिसलं. एनआयबीएम रस्त्यावरच्या सोसायट्यांत धुणीभांडी करणाऱ्या बायका सकाळी सातला निघतात आणि दोनपर्यंत परततात. आमचं दार उघडायचं साडेनऊला! तोवर त्यांची दोन घरं उरकलेली असायची. शिवणकाम करणाऱ्या भाभींना रोज गरज नव्हती, ऑर्डर आली की चार तास हवे होते. काही घरांत सून तयार होती, पण निर्णय सासूचा होता, आणि सासूशी आम्ही बोललोच नव्हतो.

आणखी एक गोष्ट कळली, ती अजून मनातून जात नाही. "मूल कुणाजवळ होतं?" याचं उत्तर अनेक घरांत एकच होतं: "मोठ्या मुलीजवळ." मुलगी आठ-नऊ वर्षांची. म्हणजे आई कामावर जाते त्या दिवशी मुलीची शाळा बुडते. पाळणाघराची खरी गरज इथे होती आणि आम्ही ती विचारलीच नव्हती.

म्हणून आपा, कर्ज उचलण्याआधी एक महिना फिरा. आधीपासून काय आहे ते पाहा. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेच्या अंगणवाड्या आहेत, पण त्या दिवसभर चालत नाहीत. गल्लीत एखादी खाला तीन-चार मुलं सांभाळत असेल. ती किती घेते, किती वाजेपर्यंत ठेवते, ते तिच्याकडूनच समजून घ्या. जमलं तर तिलाच सोबत घ्या. तिच्यावर लोकांचा विश्वास आहे, तो आपल्याला कर्ज काढून मिळत नाही.

मग वही उघडा. समजा, जागेचं भाडं ९,०००, दोन सांभाळणाऱ्या बायकांचे प्रत्येकी १२,०००, दूध, खाऊ, वीज, साफसफाई मिळून ७,०००. महिन्याला ४०,००० झाले. फी २,००० ठेवली तर २० मुलं हवीत. आया १,०००च देऊ शकत असतील तर ४० मुलं हवीत, आणि तेवढी दोन बायकांना सांभाळता येणार नाहीत. हा हिशेब जुळवायला सांभाळणारीचा पगार कापू नका. तीही आपल्यासारखीच कष्टकरी आहे.

मग उरलेले पैसे कुठून येणार? आजूबाजूची रुग्णालयं, शाळा, कंपन्या पाहा. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली. तिने ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी टाकली. ही सोय इतरांसोबत मिळूनही करता येते. त्यांना जाऊन भेटा, किती जागांचे पैसे देता विचारा.

आणि फक्त आपल्याच मोहल्ल्यात फिरू नका. शेजारच्या वस्तीतल्या ताईलाही विचारा: वेळ कोणती, खाऊ कोणता चालेल? एका पाटावर बसून खिचडी खाणारी मुलं हीसुद्धा आपल्या चळवळीची कमाई आहे.

शेवटी, तोंडी होकारावर जाऊ नका. "पुढच्या महिन्याची फी आज भराल का?" असं विचारा. जितक्या भरतील तितकीच तुमची खरी संख्या. दहा जणींनी भरली तर एका खोलीत दहा मुलांपासून सुरुवात करा.

१८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला. त्यांना कायद्यात न्याय हवा होता. तो लढा आपण पुढे नेतोच आहोत. पण तलाक झालेली बाई कोर्टाची तारीख सांभाळून कामावर जायला निघते, तेव्हा तिच्या कडेवर मूल असतं. ते मूल विश्वासाने घेणारे हात तिला हवे असतात, आणि ते हात सात महिन्यांत दार बंद करणारे नकोत.

तेव्हा आपा, टाळ्या परत घेत नाही. फक्त महिनाभर थांबा आणि उद्या सकाळी सात वाजता गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहा. कोण कुठे निघालंय, ते आधी पाहू.