स्थानकाचा कायापालट आणि जिन्याची रुंदी



मुंबईच्या एका लोकल स्थानकाची कथा येथे, सीमेवरच्या गावात, कशासाठी सांगावयाची, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. उत्तर सरळ आहे. परळच्या केईएम रुग्णालयात आणि टाटा स्मारक रुग्णालयात आपल्या भागातील रोगी नेहमी जातात. पोटासाठी मुंबईस गेलेली आपली मुलेही त्याच जिन्यांवरून चढतात, उतरतात. तेव्हा प्रभादेवी स्थानकाची कहाणी आपणास परकी नाही.

जुलै 2018 पर्यंत या स्थानकाचे नाव एल्फिन्स्टन रोड असे होते. 1853 ते 1860 या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड एल्फिन्स्टन यांचे ते नाव. हे स्थानक पश्चिम रेल्वेचे, आणि त्याला खेटून असलेले परळ स्थानक मध्य रेल्वेचे. मालक एकच, कारभार मात्र दोन. आणि या दोन कारभारांमधून वाट काढणारा उतारू मात्र एकटा!

गिरण्या चालू होत्या तेव्हा या भागाची घडी वेगळी होती. कामगार गिरणीच्या आसपासच्या चाळींतून राहत असे. भोंगा झाला की तो पायीच कामावर जाई. पाळ्या तीन, म्हणून गर्दीही दिवसभरात वाटली जाई. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तदनंतर एकामागून एक धुरांडी थंडावली. 2005 मध्ये ज्युपिटर गिरणीची जमीन 276 कोटी रुपयांना विकली गेली. त्या जागी आणि शेजारच्या एल्फिन्स्टन गिरणीच्या जागी काचेचे मनोरे उभे राहिले.

या मनोऱ्यांत काम करणारा माणूस शेजारच्या चाळीत राहत नाही. तो विरारहून येतो, कल्याणहून येतो, आणि सर्वांची हजेरी सकाळच्या त्याच दोन तासांत लागते. म्हणजे जे स्थानक पूर्वी वस्तीचे होते, ते कचेऱ्यांचे झाले. गर्दी वाढली एवढेच नव्हे, तर तिची वेळ बदलली, दिशाही बदलली. जमिनीचा भाव बदलला, इमारतींची उंची बदलली. बदलली नाही ती फक्त जिन्याची रुंदी.

त्याची किंमत 29 सप्टेंबर 2017 रोजी चुकती झाली. दसऱ्याचा आदला दिवस, सकाळी साडेदहाचा सुमार. अचानक पाऊस कोसळला. पूल उतरणारी माणसे आडोशासाठी जिन्यावरच थबकली आणि मागून लोकलमागून लोकल रिकामी होत राहिली. त्या चेंगराचेंगरीत 23 जीव गेले. नवा पूल आधीच मंजूर झालेला होता! तो कागदावर होता, आणि माणसे जिन्यावर होती.

पुढे काय झाले तेही ऐका. 31 ऑक्टोबर 2017 रोजी पूल बांधण्याचे काम लष्कराकडे सोपविल्याची घोषणा झाली, आणि 27 फेब्रुवारी 2018 रोजी लष्कराने बांधलेला पादचारी पूल लोकांसाठी खुला झाला. त्याच दिवशी करी रोड आणि आंबिवली येथील पूलही खुले झाले. अवघे चार महिने! जवानांचे आम्ही अभिनंदन करतो. परंतु जे काम चार महिन्यांत होऊ शकत होते, ते 23 प्रेते उचलण्याआधी का झाले नाही, हा आमचा सवाल आहे. युद्ध आणि महापूर यांसाठी राखलेले सैन्य राजधानीतल्या एका जिन्यासाठी बोलवावे लागते, यात नागरी कारभाराचे भूषण कोणते?

त्यानंतर जुलैमध्ये स्थानकास प्रभादेवी हे नाव मिळाले. नावाचे मोल आम्हाला कोणी शिकवावयास नको. तेथील देवीचे नाव गव्हर्नराच्या नावाच्या जागी आले याचा आम्हाला आनंदच आहे. पण पाटी रंगविल्याने फलाट रुंद होत नाही, हेही आम्ही तितक्याच स्पष्टपणे सांगतो. 3 मार्च 2019 रोजी परळ येथून लोकल सुटू लागल्या, ते मात्र खऱ्या अर्थाने काम म्हणावे लागेल.

आता या भागाचा पुन्हा कायापालट चालू आहे. शिवडी-वरळी उन्नत मार्गासाठी तेथील जुना एल्फिन्स्टन रस्ता-पूल सप्टेंबर 2025 मध्ये बंद करून पाडण्यास घेण्यात आला. मोटारींसाठी दुमजली पूल येणार आहे. चांगली गोष्ट आहे. पण त्या पुलावरून पायी जाणाऱ्यांचा भार कोठे जाणार, हे सांगावयास ज्योतिषी नको. तो पादचारी पुलांवरच जाणार.

म्हणून आमची मागणी साधी आहे. जेथे जमिनीवर मजले चढविण्याची परवानगी द्याल, तेथे त्याच कागदावर स्थानकाच्या जिन्याची रुंदी लिहा. जमिनीच्या नफ्यातून आधी पूल बांधा, मग मनोरे उभारा. दोन्ही रेल्वेंनी एकत्र बसून गर्दी मोजावी, आणि ती सकाळी दहा वाजता मोजावी. स्थानकाच्या सुधारणेचे नकाशे आपल्यासमोर येतील तेव्हा कमानी आणि दिवे पाहून टाळ्या वाजवू नका. बाहेर पडण्याची वाट किती हात रुंद आहे, हे आधी विचारा. हा प्रश्न मुंबईत विचारा, मिरजेत विचारा, आपल्या गावच्या स्थानकावरही विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहा!